त्वचेतल्या रक्ताची लय

प्रश्न: लेझर डॉप्लरच्या आलेखात त्वचेतला रक्तप्रवाह सतत वरखाली होतो. हा यंत्राचा गोंगाट नाही कशावरून?

उत्तर: निव्वळ गोंगाटाला ठरावीक आवर्तनं नसतात, इथे आहेत. हृदयाची साधारण सेकंदाची, श्वासाची तीन-चार सेकंदांची, रक्तवाहिनीच्या स्नायूंची दहाएक सेकंदांची आणि सर्वांत संथ, सुमारे १०० सेकंदांची. ही शेवटची हात हलल्यानेच दिसते, ही शंका रास्त आहे. पण असेटिलकोलीन आणि नायट्रोप्रुसाइड ही दोन्ही औषधं त्वचेत सोडल्यावर प्रवाह वाढवतात. संथ लय मात्र असेटिलकोलीनने अधिक बळावते, आणि तेच वाहिनीच्या अस्तरामार्फत काम करतं. हाताच्या हालचालीला औषधातला फरक कुठून कळणार? अर्थात पाच मिनिटांच्या नोंदीवर निष्कर्ष काढू नयेत, तीत या लयीची जेमतेम तीन आवर्तनं बसतात. निदान अर्धा तास नोंद घ्या, आणि लय जागेवरून सरकत असल्याने फूरिएपेक्षा वेव्हलेट पद्धत बरी.