ठासणीचं रिव्हॉल्व्हर: ठेवायचं की परत पाठवायचं?

बाळा, आधी निपलांवर टोप्या नाहीत ना, ते बघ. मग पाचर काढून सिलिंडर उतरव आणि सहाही घरं उजेडात तपास. ‘रिकामंच आहे’ या विकणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. लगेच सगळ्या बाजूंनी फोटो काढ आणि परतीची मुदत वाचून घे. निर्णय होईपर्यंत आतला एकही स्क्रू सोडू नकोस, घासूनपुसून चकचकीत करू नकोस, बार तर काढूच नकोस. वापरलेला माल परत घ्यायला विकणारे सहसा राजी नसतात.

इटलीतल्या गार्दोनेची ही कोल्ट नेव्हीची नक्कल. चौकटीतली दोन अक्षरं वर्ष सांगतात; ‘एए’ म्हणजे 1975. पण वयापेक्षा गंज बघावा. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते. त्याच दिवशी गरम पाण्यानं धुऊन तेल दिलं नाही, तर नळीला खड्डे पडतात. ते कुणालाही भरून काढता येत नाहीत.

आता सिलिंडर परत बसव आणि घोडा सावकाश मागे ओढ, कान देऊन. घोडा पुरता चढण्याआधी किंवा चढताचढता खिटी खाचेत पडून सिलिंडर घट्ट अडकलं पाहिजे. घोडा चढल्यावरही सिलिंडर बोटानं पुढे सरकत असेल, तर फिरवणारा दांडा किंवा खिटी झिजली आहे. घोडा सोडताना अंगठ्यानं अलगद उतरव. रिकामा आपटला की निपलांची तोंडं चेपतात.

खिटी, दांडा, स्प्रिंग, निपल हे सुटे भाग स्वस्त मिळतात. एवढंच बिघडलं असेल, तर विकणाऱ्याकडून किंमत कमी करून घे आणि ठेव. मात्र ठासणीचं काम करणारा कारागीर आधी शोध. त्याची मजुरी भागांपेक्षा जास्त होते.

सांगाड्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1862 ते 1864 मध्ये, जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलला पितळी सांगाड्याची रिव्हॉल्व्हरं बनली, ती लोखंड मिळेना म्हणून. पितळ मऊ, भरपूर दारू ठासून बार काढत राहिलं की ताणलं जातं, आणि मधला दांडा सैल होतो. तुझ्या फोटोत सांगाडा पितळेचाच आहे, सिलिंडरच्या मागच्या कडेचा ठसा त्यावर गोल उमटलाय, आणि पाचर ठोकूनही नळी डुगडुगते म्हणतोस. यावर दुरुस्तीचा एक डॉलरही घालू नकोस. मुदत आहे तोवर परत पाठव, आणि पुढचं घेशील ते पोलादी सांगाड्याचं घे.