तांदळाच्या डब्यातली गोळी

भिवंडीतल्या एका वस्तीत फिरताना आम्ही एका ताईंकडे पाणी प्यायला थांबलो. नवरा गेल्यापासून त्या गोदामात पॅकिंगला जातात. त्यांची एचआयव्हीची गोळी तांदळाच्या डब्यात, तळाशी. मुलगा झोपला की काढायची. तो जागा राहिला किंवा पाहुणे आले, की त्या रात्रीची गोळी चुकली. आम्ही निघालो तेव्हा दहा वर्षांचा तो मुलगा गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, "आई मरणार आहे का? ती लपून गोळ्या खाते."

आईने जे लपवले ते त्याला दिसलेच होते. फक्त त्याने त्याचा सर्वांत वाईट अर्थ लावला होता.

एचआयव्हीची औषधे सरकारी एआरटी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर तपासणी पॉझिटिव्ह आली की, तब्येत ठणठणीत असली तरी, औषध सुरू करतात. गोळी रोज घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडत नाही. मग शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, मुलाला कुशीत घेतल्याने तर तो कधीच लागत नव्हता. गोळ्या मात्र चुकत गेल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. यंत्रमागावर पाळी बदलत असेल तर दोन्ही पाळ्यांत जमेल अशी एकच वेळ धरा.

गरोदर ताईंनी तपासणी टाळू नये. आईचे औषध वेळेत सुरू झाले आणि बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे औषध पाजले, तर बहुतेक बाळे निगेटिव्ह राहतात. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, शेवटची १८ महिन्यांनी. मधली एकही चुकवू नका. आईचे निदान उशिरा झाले असेल तर मोठ्या मुलांचीही तपासणी करून घ्या.

मुलांना कधी सांगायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितले आहे की शाळकरी वयात, समजेल तसे, आईवडिलांच्या आजाराबद्दल सांगावे. त्या ताईंना धीर यायला चार महिने लागले. एआरटी केंद्राच्या समुपदेशकाशी आधी बोलल्या. मग एका रविवारी मुलाला म्हणाल्या, "माझ्या रक्तात एक विषाणू आहे. गोळीने तो दबून राहतो. मी मरायला नाही, जगायला गोळी खाते." त्याने विचारले, "मला आहे का?" त्याची तपासणी आधीच निगेटिव्ह आली होती, म्हणून उत्तर सोपे गेले.

वस्तीत कुणी याला मागच्या जन्मीचे पाप म्हणते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्माच्या कर्माची ही कल्पनाच नाकारली आहे. आपल्या घरांत तरी ती बोलली जाऊ नये, असे आम्हाला वाटते. आणि २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कारणावरून मुलाला शाळेत किंवा आईला कामावर भेदभावाने वागवता येत नाही. आपल्यामागे मुलांचा पालक कोण, हेही त्या कायद्याने आधीच ठरवून ठेवता येते. माहिती हवी असेल तर १०९७ वर मोफत फोन करा.

ताईंची गोळी आता फळीवर, घड्याळाखाली असते. रात्री नऊ वाजता मुलगा वहीतून डोके वर न काढता ओरडतो, "आई, गोळी!" आम्ही ताईंना म्हटले, त्याला पहारेकरी करू नका. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी नाही केला. तो आपणहून ओरडतो. आणि मी त्याला पाढे विचारते."