देणगी, वर्गणी आणि गुप्तदान : कंपन्यांच्या राजकीय व्यवहाराची परिभाषा

कंपन्यांनी राजकीय व्यवहारात किती आणि कोणत्या रीतीने भाग घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः कायद्याचा व अर्थशास्त्राचा मानला जातो. तो भाषेच्या अभ्यासकाचाही आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. कंपनीला देह नाही, विवेकबुद्धीही नाही. तिचे अस्तित्व घटनापत्रकात, तिची इच्छा संचालक मंडळाच्या ठरावात आणि तिचे आचरण जमाखर्चात लिहिलेले असते. अशा शब्दमय व्यक्तीने एखाद्या राजकीय पक्षाला पैसा दिला, तर त्या देण्याला कोणते नाव द्यावे, हा केवळ कोशाचा प्रश्न राहत नाही. नावात नाते सामावलेले असते आणि नात्यातून जबाबदारी उद्भवते.

मराठीत देण्याच्या क्रियेला निदान चार शब्द आहेत. 'दान' या शब्दामागे धर्माची पार्श्वभूमी आहे. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले दान गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस ठरवले आहे. 'देणगी'त दात्याचे औदार्य आणि त्याचा नावलौकिक अभिप्रेत असतो. 'वर्गणी' ही समाईक कार्यात उचललेला आपला वाटा होय. तिच्यासाठी पावतीपुस्तक असते आणि उत्सव संपल्यावर हिशोब मांडावा लागतो. 'खंडणी' हा मराठेशाहीच्या कागदपत्रांतून आलेला शब्द आज जुलमाने उकळलेल्या पैशाला लावला जातो. कन्नडातील 'देणिगे' आपल्या 'देणगी'च्या अगदी जवळचा आहे, तर 'वंतिगे' हा वाट्याचा अर्थ सांगतो. हिंदीने मात्र 'चंदा' या एकाच शब्दावर बराच भार टाकला आहे. कंपनीचा पैसा पक्षाकडे जातो तेव्हा यांपैकी नेमके काय घडते?

वर्ध्याचे जमनालाल बजाज (१८८९-१९४२) यांनी राष्ट्रीय सभेला दिलेल्या द्रव्याला देणगी म्हणण्यात अडचण नाही. देणारा एक व्यक्ती होता आणि तो आपल्या मतास अनुसरून देत होता. कंपनीची गोष्ट निराळी आहे. तेथे ठराव करणारे संचालक आणि पैशात हितसंबंध असलेले भागधारक हे दोन भिन्न गट आहेत. हा भेद मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे १९५७ मध्ये स्पष्टपणे आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना पैसा देता यावा म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल हवा होता आणि एका भागधारकाने त्यास हरकत घेतली होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर ते अपील चालले. प्रचलित कायद्यात प्रतिबंध नसल्याने न्यायालयाने बदल मान्य केला. परंतु अशा पैशाने लोकशाहीला धोका संभवतो, हा इशारा देऊन संसदेचे लक्ष त्याकडे वेधले. निर्णय कंपनीच्या बाजूने आणि चिंता नागरिकाच्या बाजूने, अशी ही दुहेरी रचना आहे.

संसदेने त्यानंतर घेतलेली वळणे बोधप्रद आहेत. १९६० च्या दुरुस्तीने मर्यादा घातली : पंचवीस हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर सरसकट बंदी आली. बंदीने पैसा थांबला नाही. त्याने वेष पालटला. पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि त्यांतील जाहिरातींच्या रूपाने पैसा वाहू लागला. साहित्य संमेलनांच्या आणि नाट्यसंस्थांच्या स्मरणिका चाळणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना हा वाङ्मयप्रकार अपरिचित नाही. मात्र येथे जाहिरात वाचली जावी हा हेतूच नव्हता. १९८५ मध्ये बंदी उठून पाच टक्क्यांची मर्यादा परत आली आणि संचालक मंडळाचा ठराव व हिशोबातील नोंद आवश्यक ठरली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८२ ने मर्यादा साडेसात टक्के केली. पक्षाच्या स्मरणिकेतील जाहिरातीचा खर्च हीदेखील देणगीच होय, असे हे कलम मानते. शब्दाच्या आडोशाने चाललेला व्यवहार कायद्याने शब्दाची व्याख्या वाढवूनच पकडला.

२०१७ मध्ये मात्र उलट दिशेने पाऊल पडले. नफ्याशी निगडित मर्यादा गेली, कोणत्या पक्षाला पैसा दिला हे हिशोबात सांगण्याचे बंधन गेले आणि निवडणूक रोख्यांची योजना आली. तिच्या समर्थनात दात्याच्या गोपनीयतेचा मुद्दा होता. गुप्तदानाला आपल्या संस्कृतीत मान आहे हे खरे. परंतु गुप्तदानात दाता स्वतःची कीर्ती लपवतो आणि घेणाऱ्याला उपकाराच्या ओझ्यातून मुक्त करतो. रोख्यांच्या व्यवहारात घेणाऱ्या पक्षाला दाता कळण्याचा मार्ग मोकळा होता. अंधारात राहणार होते ते भागधारक आणि मतदार. म्हणजे गुप्तता होती, पण दानाचा आत्मा नव्हता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना, आणि तिच्यासोबत कलम १८२ मधील दुरुस्त्याही, घटनाबाह्य ठरवल्या. नागरिकाचा जाणून घेण्याचा अधिकार हा त्या निर्णयाचा कणा आहे. छागलांनी इशाऱ्याच्या रूपाने मांडलेली चिंता सदुसष्ट वर्षांनी निर्णयाच्या रूपात प्रकट झाली, असे म्हणता येईल.

या सर्व चर्चेला प्रत्यक्ष भूमीवर पाहावयाचे तर बेंगळूरुच्या वायव्येकडील पीण्या औद्योगिक क्षेत्राइतके उचित स्थळ क्वचितच सापडेल. येथे लेथ, दाबयंत्रे आणि सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. शेजारच्या जालहळ्ळीत हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) यांचा विस्तार झाला. थोड्या मैलांच्या परिसरात उद्योगाच्या तीन कायदेशीर जाती एकत्र नांदतात. सरकारी कंपनीला पक्षांना पैसा देण्याची मनाई आहे. खासगी कंपनीला तीन वर्षे पुरी झाल्यावर ठरावाने देता येतो. भागीदारी किंवा एकट्या मालकाच्या कारखान्याला कंपनी कायद्याचे हे कलम लागूच होत नाही. एकाच रस्त्यावरच्या तीन दारांवर वर्गणी मागणारा एकच कार्यकर्ता आला, तर तीन निराळी उत्तरे मिळावयास हवीत. तिसऱ्या दारी कायदा मौन पाळतो. तेथे मालकाच्या सद्‌सद्विवेकाखेरीज आधार नाही. वीज, रस्ता आणि पाणी यांसाठी पदोपदी सरकारदरबारी जावे लागणाऱ्या त्या मालकाला आपण वर्गणी देतो आहोत की खंडणी, हे स्वतःलाही निश्चित सांगता येईल असे नाही.

राजकीय सहभाग पैशापुरता नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने उद्योगांतील व्यवस्थापकीय जागांपैकी पन्नास टक्के व इतर जागांपैकी सत्तर टक्के स्थानिकांना देण्याच्या विधेयकास संमती दिली. उद्योगांच्या संघटनांनी जाहीरपणे नापसंती दर्शवली आणि काही दिवसांतच ते स्थगित झाले. विधेयकाच्या गुणदोषांचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. त्या विरोधाचा उघडपणा तेवढा नोंदवावयाचा आहे. सही असलेले पत्रक वाचता येते, खोडून काढता येते. स्थानिकत्वाची कसोटी कन्नड भाषेशी जोडली गेली असल्याने भाषांच्या अभ्यासकांनी तर अशी पत्रके आवर्जून वाचावीत. बंद दाराआडच्या शब्दाला मात्र प्रत्युत्तर देता येत नाही.

अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) व 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी मुख्यमंत्री, पत्रकार आणि कामगारपुढारी यांचे जग मराठी वाचकांपुढे उभे केले. संचालक मंडळाचा ठराव हा मजकूर मात्र आपल्या समीक्षेने अजून वाचनीय मानलेला नाही. तो मानला तर जबाबदारीची लक्षणे 'वर्गणी' या शब्दातच सापडतात. ज्यांचा पैसा त्यांना आधी विचारावे. केवळ संचालकांच्या ठरावावर न थांबता भागधारकांच्या सभेची संमती घ्यावी. घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम हिशोबात लिहावी. ठेके किंवा परवाने ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याशी निर्णय प्रलंबित असताना देवघेव टाळावी. सरकारला दिलेली निवेदने कामगारांनाही वाचावयास मिळावीत, आणि कामगाराचे मत वा त्याची सभेतील हजेरी मालकाने आपली समजू नये. संघटनेमार्फत किंवा न्यासामार्फत पैसा गेला म्हणून त्याचा माग पुसला जाऊ नये.

यांतील काही गोष्टी कायद्यात आहेत, काही नाहीत. कायदा बदलतो, हे १९६०, १९६९, १९८५ आणि २०१७ या चार सालांनी दाखवले आहे. म्हणून प्रत्येक संस्थेने आपला नियम स्वतः लिहून ठेवणे अगत्याचे आहे. पावती फाडून देण्यास जी संस्था कचरत नाही, तिने राजकारणात भाग घेतला तर नागरिकाला भिण्याचे कारण कमी. आणि जिला पावती नको असते, तिच्या देण्याला देणगी म्हणण्यापूर्वी भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबलेले बरे.