गाणे बंद, किल्ली खिशात, तरी गाडी कशी पेटते?

प्रश्न : माझ्या मुलाने आमच्या जुन्या छोट्या गाडीच्या डिकीत मोठा वूफर आणि ॲम्प्लिफायर बसवून घेतला आहे. शेजारचे काका म्हणतात, अशा गाड्या उभ्या उभ्या पेटतात. फिटिंगवाला म्हणतो, बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, मग आग कुठून लागणार? शिवाय ॲम्प्लिफायरला फ्यूज आहेच. मध्यंतरी तो फ्यूज दोनदा उडाला, तेव्हा त्याने जास्त अँपिअरचा टाकून दिला. त्यानंतर काही तक्रार नाही. खरे कोणाचे मानायचे?
– एक वाचक, हिरावाडी, पंचवटी

उत्तर : काकांचे मानायचे. फिटिंगवाल्याचे झटक्याबद्दलचे म्हणणे खरे आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि मोठा फ्यूज टाकून तक्रार मिटवली असे जे त्याला वाटते, ती तक्रार मिटलेली नाही, फक्त ऐकू येईनाशी झाली आहे.

आधी १२ व्होल्टचा गैरसमज दूर करू, कारण तो फार जणांच्या मनात घर करून असतो. झटका बसण्यासाठी वीज आपल्या कातडीतून आत शिरावी लागते आणि कोरड्या कातडीचा अडथळा ओलांडायला १२ व्होल्ट पुरत नाहीत. आगीचा हिशेब वेगळा आहे. वायर तापते ती तिच्यातून किती अँपिअर वाहतात त्यावर, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सकाळी गाडीला सेल्फ मारताना हीच बॅटरी क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर देते. तिची दोन टोके थेट जोडली गेली, तर काही शे अँपिअर वाहू लागतात. मेकॅनिक बॅटरीवर काम करण्याआधी हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवतो, ते झटक्याच्या भीतीने नव्हे, भाजण्याच्या भीतीने.

आता तुमच्या डिकीतल्या ॲम्प्लिफायरकडे येऊ. समजा तो खरोखर १,००० वॅट देतो. वाटेत थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून बॅटरीकडून त्याला साधारण १,२५० वॅट घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. भागाकार केला की प्रवाह निघतो सुमारे ९० अँपिअर. घरातला २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर चालतो, म्हणून तो जेमतेम ९ अँपिअर घेतो. म्हणजे वॅट निम्मे असूनही गाडीतल्या वायरीला गिझरच्या दहापट प्रवाह वाहावा लागतो. गाणे सतत तेवढ्या जोरात चालत नाही, ठोक्याला प्रवाह वाढतो आणि उतरतो, हे खरे. पण वायर निवडताना त्या ठोक्याचाच विचार करावा लागतो.

इथे बरेच जण विचारतील, आमच्या खोक्यावर तर ५,००० वॅट लिहिले आहे, त्याचे काय? त्या आकड्यावर फार विसंबू नका. तो बहुधा एखाद्या निमिषापुरता कागदावर काढलेला असतो. ॲम्प्लिफायरच्या अंगावर, जिथे जाड वायरी जोडल्या आहेत तिथेच शेजारी मोटारीचे पात्यांचे फ्यूज खोचलेले दिसतील. त्यांवरचे मूळ आकडे वाचा. ३०चे दोन असतील तर बेरीज ६० अँपिअर. १४ने गुणा, ८४० वॅट झाले. एवढीच वीज आत जाऊ शकते, तर बाहेर त्याहून जास्त काय येणार? पण या ६० अँपिअरसाठीही आकाशकंदिलाची वायर चालत नाही.

वायरीची गंमत अशी की गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. ८ गेजमध्ये सुमारे ८ चौरस मिलिमीटर तांबे असते, ४ गेजमध्ये २१. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये फसवणूक दोन प्रकारे होते. एकात बाहेरचे प्लास्टिक जाड आणि आतले धातूचे तंतू थोडे. दुसऱ्यात तंतू वरून तांब्याच्या रंगाचे आणि आतून ॲल्युमिनियम. असा तंतू सारख्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत जवळपास दोन-तृतीयांश वीज वाहतो. ओळखायला सोपे आहे. उरलेल्या तुकड्यातला एक तंतू ब्लेडने खरवडा, आत पांढरी चंदेरी झाक दिसली की ॲल्युमिनियम. ते वापरूच नये असे नाही, पण एक-दोन पायऱ्या जाड घ्यावे लागते. बारीक वायर घातली तर काय होते तेही पाहा. बॅटरी ते डिकी अशी ५ मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल आणि तिच्यातून ९० अँपिअर गेले, तर तिच्यातच सुमारे १७५ वॅट उष्णता तयार होते, आणि तीही गालिच्याखाली, जिथे वारा लागत नाही.

तरीही बारीक वायर हे दुय्यम कारण. या सगळ्या प्रकरणाचा गाभा फ्यूजच्या जागेत आहे. तुमच्या गाडीत ती लाल वायर कशी गेली आहे ते डोळ्यांपुढे आणा. बॉनेटखाली बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघते, इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून आत शिरते, दाराच्या उंबऱ्याजवळच्या प्लास्टिकखालून मागच्या सीटपर्यंत जाते आणि मग डिकीत. गाडीचा सगळा पत्रा मात्र बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. वाटेत कुठेही पत्र्याच्या धारेने ते प्लास्टिक कापले, सीटच्या स्क्रूने टोचले, की पॉझिटिव्ह थेट निगेटिव्हला भिडले. काही शे अँपिअर वाहू लागतात आणि बारीक वायर काही सेकंदांतच लाल होते. त्या वेळी ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज काय करतो? काहीच नाही, कारण वीज त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. तो आहे वायरीच्या शेवटच्या टोकाला आणि त्याच्या मागची ५ मीटर वायर उघडी राहिली आहे.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीजवळ हवा. जगभर पाळला जाणारा दंडक १८ इंचांचा आहे, म्हणजे आपल्या जुन्या मोजमापातला बरोबर एक हात. बॅटरीपासून एका हाताच्या आत फ्यूज बसला की उघडी राहणारी वायर तेवढीच उरते. हा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. चांगल्या तांब्याच्या ८ गेजला ५० अँपिअरच्या आसपास, ४ गेजला १०० अँपिअरच्या आसपास. त्याहून मोठा फ्यूज लावला, तर आधी वायर वितळेल आणि मग फ्यूज.

यावरून तुमच्या ‘आता तक्रार नाही’चा अर्थ लागतो. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज दोनदा उडाला, म्हणजे आत काहीतरी नेमून दिल्यापेक्षा जास्त प्रवाह ओढत होते. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघते. एक तर वूफर अशा रीतीने जोडलेले असतात की त्यांचे एकूण ओहम ॲम्प्लिफायरला सोसतील त्यापेक्षा कमी भरतात. नाही तर स्पीकरची एखादी वायर दाराच्या बिजागरीत चेंगरून पत्र्याला लागलेली असते. मोठा फ्यूज टाकल्याने यातले काहीच दुरुस्त होत नाही. मूळ आकड्याचा फ्यूज परत घाला. तो पुन्हा उडाला तर कारण शोधल्याशिवाय गाणे लावू नका.

उभी गाडी पेटते कशी, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. किल्ली काढली की ॲम्प्लिफायर बंद होतो तो एका बारीक, बहुधा निळ्या, वायरीतला इशारा थांबल्यामुळे. जाड लाल वायर बॅटरीला थेट जोडलेली असते आणि तिच्यात वीज चोवीस तास हजर असते. रात्री उंदीर तिचे प्लास्टिक कुरतडतो, तेव्हा किल्ली तुमच्या उशाशी असते. आपल्या नाशिकमध्ये आणखी एक भर पडते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांत पाणी शिरते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले का, याची चर्चा सगळे करतात, पण पाण्यातून निघालेल्या गाडीच्या गालिच्याखालचे जोड उघडून कोणी पाहत नाही. ते पुढे गंजतात आणि गंजलेला जोड तापतो.

जोडाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. फक्त ०.०१ ओहमचा अडथळा एखाद्या ढिल्या जोडात राहिला आणि ९० अँपिअर गेले, तर त्या एका बिंदूवर ८१ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि ती शिसे-कथील वितळवते. तेव्हा पिळे मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड मुख्य वायरीवर अजिबात चालणार नाही, उन्हाळ्यात त्या टेपचा गोंदच सुटतो. वायरीच्या टोकाचा धातूचा लग यंत्राने दाबून बसवलेला हवा. काळी, म्हणजे निगेटिव्हची, वायर लालइतकीच जाड हवी. ती जिथे पत्र्याला जोडली आहे तिथला रंग खरवडून धातू उघडा केलेला असावा आणि सीटबेल्टच्या बोल्टला हात लावलेला नसावा. इंजिनच्या बाजूच्या पत्र्यातून वायर जाते त्या भोकात रबरी बूच आहे ना, हेही पाहा. पाच-दहा रुपयांच्या त्या बुचावर पुढचे सगळे अवलंबून असते, कारण वायर सर्वांत जास्त कापली जाते ती तिथेच.

मात्र प्रत्येक जळालेल्या गाडीवर शॉर्टसर्किटचा शिक्का मारू नये. आपल्याच औरंगाबाद रस्त्यावर ८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस पेटली आणि प्रवासी होरपळून गेले, ती आग अवजड वाहनाशी टक्कर झाल्यानंतरची. मार्च २०२५मध्ये पुण्याच्या हिंजवडीत कंपनीची टेम्पो ट्रॅव्हलर जळून चार कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हाही पहिल्या दिवशी शॉर्टसर्किटच म्हटले गेले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी चालकानेच आग लावल्याचे सांगितले. कारण माहीत नसताना वायरिंगचे नाव घेतले की खरे वायरिंगचे दोषही लोक गंभीरपणे घेत नाहीत.

विम्याचे एक राहिले. कंपनीतून न आलेली विजेची उपकरणे मूळ विम्यात आपोआप धरली जात नाहीत. त्यांची किंमत सांगून, वेगळा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते. तशी नोंद नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद निघतो.

चालत्या गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर आवाज कमी करून पुढे जाऊ नका. गाडी कडेला घ्या, किल्ली बंद करा, सगळ्यांना उतरवा. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते उघडू नका, आत एकदम हवा शिरते आणि भडका उडतो. लांब उभे राहून १०१ किंवा ११२ लावा.

आणि तुमच्या गाडीपुरते आजचे काम एवढेच. बॉनेट उघडून त्या लाल वायरीवर बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज आहे का ते बघा. नसेल, तर तो बसेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा. पाना पत्र्याला लागून ठिणगी उडू नये म्हणून आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह, आणि लाल वायर बाजूला झाली की परत जोडताना निगेटिव्ह शेवटी. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो.