बुरशीचे विष
सन १९७४ मध्ये आपल्या वडोद्याशेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात व राजस्थानातील बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. ओलसर साठ्यावर बुरशी चढली. तो मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. बुरशीने निर्माण केलेले ‘अफ्लाटॉक्सिन’ हे विष त्यास कारण झाले.

शिजविल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. पशुखाद्याच्या धान्यास प्रोपिऑनिक आम्ल लावल्यास बुरशीची वाढ रोखली जाते; परंतु आधीच तयार झालेले विष त्याने जात नाही. परिरक्षक द्रव्य हा प्रतिबंध आहे, उतारा नव्हे.

कणगीत भरण्यापूर्वी आपण धान्य कडकडीत वाळवितो, त्याचे मर्म हेच. बुरसटलेला दाणा गुरांपुढेही टाकू नये. त्याचे विष दुधात उतरते.