घाटात दमणारी ओम्नी

प्रश्न : माझी 1998ची मारुती ओम्नी कुंभार्ली घाटात माणसं-सामान भरलं की पहिल्या गिअरवर येते. मेस्त्री म्हणतात, जिप्सीचं तेराशेचं इंजिन बसवू. बसवावं का? की आहे तेच सुधारावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : इंजिन लहान म्हणून गाडी दमते, हा समज अर्धाच खरा. 796 सीसीची ओम्नी घाटात कधीच पळत नव्हती; पण पूर्वी दुसऱ्यावर चढायची आणि आता चढत नसेल, तर इंजिन झिजलेलं असू शकतं. आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. एकाचंच कमी भरलं, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर गेला तर रिंगा गेल्या, नाही गेला तर बहुधा व्हॉल्व्ह. सगळं ठीक निघालं तर कार्ब्युरेटर, टायमिंग आणि क्लच बघा. घसरणारा क्लच भल्याभल्यांना फसवतो!

रिंगा गेल्या असतील तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाका, हेड दुरुस्त करा, रेडिएटर साफ करा. माझं मत याच बाजूने आहे.

जिप्सीचं इंजिन बसवताही येईल, पण सीटखालच्या त्या खोक्यात मोठं इंजिन तापतं. शिवाय गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेक लहान इंजिनाच्या हिशेबाने दिलेले. चढाल झोकात, उतरताना काय? आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललंत, तर अपघातानंतर विमा कंपनी क्लेम अडवू शकते. आधी आरटीओत विचारा, मग मेस्त्रींना ॲडव्हान्स द्या.