क्रियापदाच्या आधीची जागा

चि. केदार,


टँकरची बातमी वाचली. माहिती मेहनतीने जमवली आहेस, शुद्धलेखनही नीट आहे. तरी वाचताना दोनदा मागे जावं लागलं.

आपल्या डोक्यात सगळं एकदमच असतं: गाव, आटलेली विहीर, सरपंच, उशिरा आलेला टँकर. कागदावर मात्र शब्दामागूनच शब्द येतो. त्यामुळे आधी काय सांगायचं हे ठरलं, की निम्मं लिहून झालं. त्यात मराठी आपल्याला मोठी मोकळीक देते. ‘ग्रामपंचायतीने टँकर सोमवारी पाठवला’ आणि ‘सोमवारी टँकर ग्रामपंचायतीने पाठवला’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध. ‘ने’ चिकटलेला असल्यामुळे कर्ता कुठेही बसला तरी ओळखू येतो. पण पहिलं वाक्य ‘कधी?’चं उत्तर देतं, दुसरं ‘कोणी?’चं. क्रियापदाच्या लगेच आधीची जागा बहुतेक वेळा वजनाची असते. तुझा मुद्दा दिरंगाईचा, आणि त्या जागेवर तू दर वेळी टँकर उभा केलास!

वाचकाला ठाऊक झालेलं आधी ठेव, नवं मागून येऊ दे. ‘गावात एकच विहीर आहे. ती मार्चमध्येच आटते. आटली, की टँकरची वाट पाहायची.’ इथे ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ काहीच लागलं नाही.

सर्वनामांचं मात्र सांभाळ. ‘सरपंचांनी ग्रामसेवकांना सांगितले की त्यांनी अर्ज उशिरा दिला.’ कोणी दिला? हे ज्याच्या अंगावर येईल, तो तुला फोन करणारच. ‘ग्रामसेवकांनी’ हा शब्द पुन्हा लिहायला लाजू नकोस. एकच शब्द दोनदा नको, ही शाळेतल्या निबंधाची शिस्त. बातमीत ती घातक ठरते.

आणि ते ‘करण्यात आले’! ‘रस्ता बंद करण्यात आला आहे’ हे ठीक. गाडीवाल्याला कोणी बंद केला याच्याशी देणंघेणं नसतं. पण ‘अर्जाकडे दुर्लक्ष करण्यात आले’ असं लिहिलंस, की कर्ता मागच्या दाराने निसटतो. कचेरीच्या पत्रात तो मुद्दामच निसटतो. तू कशाला दार उघडून देतोस?

स्वल्पविरामांची तुझी उधळपट्टी पाहून मोडी आठवली. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नव्हती, विरामचिन्हंही नव्हती. ती मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडीच्या खटपटीने. तोवर हिशेब, करार, खलिते सगळं चाललंच होतं, कारण शेवटी येणारं क्रियापद आणि ‘जो–तो’, ‘जर–तर’ यांच्या जोड्या वाक्याचे सांधे दाखवत. सांधा निखळलेला असेल, तर स्वल्पविराम काय करणार?

बातमी पुन्हा लिहून पाठव. त्याआधी टँकर किती लिटरचा होता आणि अर्ज कोणत्या तारखेला दिला, एवढं विचारून घे. पहिल्या परिच्छेदात तू जे घोटाळला आहेस, ते मला वाटतं याच दोन गोष्टी हाताशी नसल्यामुळे.

तुझी,
मावशी